दिवस कुणाचा?

ड्युसेलडॉर्फ, ९ सप्टेंबर २०२५

प्रिय मिलिंद,


तुझी यादी मिळाली, नीट वाचली. कुठल्या दालनात कुठला प्रकाशक, कुठल्या खेळाचे पैसे आधीच भरलेत, कुठला तिथे गेल्यावर बघायचा, सगळं रंग देऊन मांडलं आहेस. बाबा लग्नघरच्या याद्या करायचे, अगदी तसं. फक्त एक विचारते. यात सहा वर्षांच्या सईला खेळता येईल असा खेळ कुठे आहे? मला तरी सापडला नाही. सगळे दोन-दोन तासांचे, बारा वर्षांपुढचे. आणि खाली लिहितोस, ‘ताई, मुलांनाही आणतोय, त्यांना मजा येईल.’ कशात?

रागावू नकोस. मुलांना आणू नकोस असं मी म्हणतच नाही. एसेनच्या ‘स्पील’ या खेळांच्या मेळ्याला मुलांना आणावंच. पण दिवस तुझा की त्यांचा, हे घरून निघायच्या आधी ठरव. एकाच दिवसात दोन्ही बसवायला गेलास की तिसरंच होतं: तू टेबलावर खेळत बसतोस आणि वृषाली दोन पोरांना घेऊन खानपानाच्या रांगेजवळ भिंतीला टेकून उभी राहते. असे चेहरे मी दरवर्षी तिथे बघते. नवरा ‘अजून दहाच मिनिटं’ म्हणतो. त्या खेळांतली दहा मिनिटं किती लांब असतात ते तुला माहीत आहे.

वृषालीने परवा फोनवर मला विचारलं, ‘ताई, तिथे असतं काय? दुकानं की स्पर्धा?’ म्हणजे तू तिला नीट सांगितलेलं दिसत नाही. तर तिला सांग. ‘स्पीलबॉक्स’ नावाच्या, खेळांना वाहिलेल्या मासिकाच्या वाचकांना एकत्र बसून खेळता यावं म्हणून १९८३ साली एसेनच्या प्रौढशिक्षण केंद्रात हे सुरू झालं. पुढे जागा पुरेना, म्हणून ते शहराच्या प्रदर्शन संकुलात गेलं. २०१९ साली चार दिवसांत २ लाख ९ हजार माणसं येऊन गेली. विक्री आहेच, पण खरी मजा बसून खेळण्याची. प्रकाशक आपापल्या जागेत टेबलं मांडतात, शेजारी समजावून सांगणारा माणूस उभा असतो, खुर्ची रिकामी झाली की बसायचं. पटावरचे, पत्त्यांचे, फाशांचे खेळ. पडद्यावरचं जवळजवळ काही नाही. हे शेवटचं वाक्य तिला मोठ्याने वाचून दाखव.

आता मुलांच्या उंचीवरून विचार कर. शनिवारी दुपारी दालनाच्या वाटेत उभा राहिलास की तुला वर लटकणाऱ्या पाट्या दिसतात, लांबवरची टेबलं दिसतात. सईच्या डोळ्यांसमोर लोकांच्या पाठीवरच्या पिशव्या असतात. तिथल्या पिशव्यांत खेळांची खोकी असतात, आणि माणूस अचानक वळला की खोक्याचा कोपरा बरोबर सहा वर्षांच्या कपाळाशी येतो. तीन वर्षांच्या कबीरला तर नुसत्या पँटी दिसतील. बाबागाडी त्या गर्दीत पुढेही जात नाही आणि मागेही घेता येत नाही. तेव्हा मुलांसाठी शनिवार काट. गुरुवारी-शुक्रवारी सईची शाळा, आणि तुमच्या नेदरलँड्समध्ये पाच वर्षांपुढच्या मुलाला खेळांच्या मेळ्यासाठी सुट्टी मागायला गेलास तर मुख्याध्यापिका काय म्हणतील ते तूच ऐक. उरला रविवार. रविवारी मेळा सहालाच बंद होतो, पण मुलांना तितकं नकोच आहे. दुपारी एकपर्यंत त्यांची बॅटरी उतरते.

रविवारी दहाला दारं उघडतात तेव्हा दारातच उभे असा. मोठी माणसं नव्या, अवघड खेळांकडे धावतात, खरोखर धावतात. मुलांच्या खेळांची टेबलं तेव्हा रिकामी असतात. समजावणाऱ्यांचे घसे बसलेले असले तरी सकाळी त्यांचा धीर ताजा असतो. तो पहिला तास-दीड तास पूर्ण सईचा. हे मी का सांगते? मेळा मोठ्यांच्या स्वभावाला धरून बांधलेला आहे. थोडं हे चाखायचं, थोडं ते, आणि पुढे सरकायचं. मुलाला चाखण्यात रस नसतो. एखादा खेळ आवडला की डाव संपायच्या आत ‘परत!’ सुरू होतं. दुपारी मागे चार कुटुंबं उभी असतात, समजावणारा गोड बोलून उठवतो, आणि मूल कळवळून रडतं. त्यात मुलाचा हट्टीपणा नाही. मनासारखं काही सापडलेलं असताना त्याला तिथून उठवलेलं असतं.

माझी धाकटी साधारण सईएवढी असताना अशाच एका सकाळी पेंग्विनांच्या खेळापाशी बसली होती. ‘आइसकूल’ हा लॅटव्हियातल्या एका प्रकाशकाचा खेळ, २०१७ साली त्याला जर्मनीचा बालखेळाचा पुरस्कार मिळाला. खोक्यात खोकं, त्यात आणखी खोकं. ती काढून एकमेकांना जोडली की पेंग्विनांची शाळा होते, भिंतींना दारं असलेली. पेंग्विन बुडाला जड. टिचकी मारून सोडायचे, नीट बसली तर वळण घेऊन दारातून पलीकडच्या वर्गात जातात. कॅरम असलेल्या घरातल्या पोरीला टिचकी शिकवावी लागली नाही. समजावणाऱ्या बाईने तिला पुन्हा पुन्हा डाव मांडून दिला, कारण मागे कुणी नव्हतंच. त्या सकाळी आम्ही बाकी काही पाहिलं नाही. माझ्या मते त्या दिवसाचं तिकीट पुरेपूर वसूल झालं. तुझे मेहुणे अजून वेगळं म्हणतात.

खेळ निवडताना खोक्यावर निळ्या सोंगटीचं चिन्ह शोध, ते मुलांच्या खेळाच्या पुरस्काराचं. लाल सोंगटी घरच्या सगळ्यांनी मिळून खेळायच्या खेळाची, आणि काळपट सोंगटी तुझ्यासारख्यांची. अलीकडे दालनंही खेळांच्या प्रकारानुसार लावतात, म्हणून तुझ्या त्या रंगीत नकाशात सईसाठी एक रंग घाल.

कबीरचं वेगळं. तीन वर्षांचं मूल खेळ खेळत नाही, खेळातल्या वस्तूंशी खेळतं, आणि ते पुरेसं आहे. त्याला ‘हाबा’ या प्रकाशकाच्या पिवळ्या खोक्यांपाशी ने. त्यांचा ‘ओब्स्टगार्टन’, म्हणजे फळबाग, १९८६ पासून चालू आहे, आनेलीझे फार्काशॉव्स्की यांनी रचलेला. रंगीत फासा टाकायचा, त्या रंगाचं फळ झाडावरून काढून टोपलीत ठेवायचं, आणि कावळ्याच्या आधी सगळी फळं तोडून व्हायला हवीत. जिंकले तर सगळे जिंकतात, नाही तर कावळा. अगदी लहानांसाठी त्याचाच सोपा प्रकार आहे, त्यातली लाकडी फळं मुठीत मावतील एवढी मोठी आहेत. कबीर ती टोपलीत भरेल, ओतेल, परत भरेल. फाशाकडे बघणारही नाही. बघू नको दे. दुसरा ‘टिअर आउफ टिअर’, म्हणजे मगरीच्या पाठीवर लाकडी प्राणी रचत जायचे. तो रचण्यापेक्षा पाडेल जास्त. मात्र इतर टेबलांवर लक्ष ठेव. खोक्यावर ० ते ३ लिहिलेला, आडवी रेघ मारलेला चेहरा असतो, तो शोभेला नाही. मोठ्यांच्या खेळांतली ती बोटाच्या पेराएवढी लाकडी माणसं कबीरच्या तोंडात सहज जातील.

तासाभराने तो कंटाळेल. तेव्हा त्याला घेऊन मी बाहेर पडेन. प्रदर्शनाला लागूनच ग्रुगा पार्क आहे, १९२९ च्या बागप्रदर्शनासाठी केलेलं. तिथे घसरगुंड्या आहेत, पक्षी आहेत, आणि मुख्य म्हणजे मोकळी हवा आहे. हे काम माझं. वृषालीचं नाही. तिलाही एखाद्या टेबलावर बसू दे. तिला खेळ आवडत नाहीत असं तू म्हणतोस, पण तू तिला आजवर शेतं नांगरायचे आणि रेल्वेचे शेअर घ्यायचेच खेळ दाखवलेस. ‘त्सिके त्साके ह्यूनरकाके’ खेळू दे तिला सईबरोबर. नावातच कोंबडीची शी आहे, सई तिथेच हसून लोळेल. कोंबड्यांची शर्यत आहे आणि सगळा मामला स्मरणशक्तीचा. पालथी चकती उचलायची, समोरच्या अंड्यासारखीच निघाली तर पुढे. पुढच्याला गाठून ओलांडलं की त्याच्या शेपटीतली पिसं उपटून आपल्या कोंबडीला लावायची. इथे मुलं मोठ्यांना सरळ हरवतात, आपण त्यांच्यासाठी मुद्दाम हरायची गरजच नसते. मला असे खेळ फार आवडतात. मुद्दाम हरलेलं मुलांना कळतं, आणि ते त्यांना अपमानाचंच वाटतं.

आता हरण्याबद्दल. गणपतीत तुमच्याकडे आले होते तेव्हा सईने उनोचे पत्ते सोफ्याखाली भिरकावलेले मी पाहिले आहेत. मेळ्यात परक्या लोकांसमोर तेच होईल. त्याला घाबरून तिला फक्त सगळ्यांनी मिळून जिंकायचे खेळ देऊ नकोस. या देशात घरोघरी ‘मेन्श एर्गरे दिश निष्ट’ खेळतात. आपल्या पचिशीचंच वंशज, म्युनिकच्या योसेफ फ्रीडरिश श्मिट यांनी १९१४ पासून मोठ्या प्रमाणावर बाजारात आणलेलं. पहिल्या महायुद्धात त्यांनी लष्करी इस्पितळांत त्याचे ३,००० पट पाठवले होते. घराच्या दारात आलेली सोंगटी मारली जाऊन पुन्हा सुरुवातीला जायची, याच्यावर इथल्या कित्येक पिढ्या रडून मोठ्या झाल्या. सई आजोबांबरोबर टॅबलेटवर लुडो खेळते ना? मग तिला समोर बसलेल्या, खऱ्या हाताने सोंगटी उचलणाऱ्या माणसाकडून एकदा हरू दे. टेबलं चार-सहा जणांची असतात, अनोळखी कुटुंबाबरोबर बसवतात. जर्मन आजी-आजोबा नातवंडांना घेऊन आलेले असतात, ते रडणाऱ्या मुलाकडे बघून न बघितल्यासारखं करतात. त्यांचं हे वागणं मला फार शहाणपणाचं वाटतं. भाषेची काळजी करू नकोस. नियम जर्मनमध्ये सांगतील, सईला तुम्ही डचमध्ये किंवा मराठीत सांगा. एक फेरी पाहिली की तिला तुझ्याआधी कळेल.

खरेदीचं आत्ताच ठरवून टाक. प्रत्येकी एक खोकं, स्वतः बसून खेळलेल्या खेळाचंच, आणि निघताना घ्यायचं. आधी घेतलंस तर दिवसभर तूच वाहशील. डबा घरून न्या. तिथे तळलेले बटाटे आणि सॉसेज मिळतात, पण रांगेत पोरांचा जीव जातो. मी गूळ-तुपाच्या पोळ्या गुंडाळून देईन. सईच्या मनगटावर तुमचे दोघांचे फोन नंबर पेनाने लिहा, आणि हरवलं तर कुठे थांबायचं ती जागा आत शिरताच तिला दाखवा. ‘जिथे आहेस तिथेच उभी राहा’ हे त्या गर्दीत चालत नाही, लोक ढकलत नेतात.

कलोनच्या गेम्सकॉमचं, त्या व्हिडिओ गेमच्या मेळ्याचंही विचारलं आहेस. पुढच्या वर्षीही नको. ऑगस्टमध्ये तिथे ३ लाख ५७ हजार माणसं होती, कानठळ्या बसवणारा आवाज, आणि एकेका खेळासाठी तासन्‌तास रांग. वयाप्रमाणे मनगटपट्टे देतात, सोळा-अठरा वर्षांवरच्यांचे खेळ भिंतींआड ठेवतात, व्यवस्था चोख आहे. पण म्हणजेच सईने त्या भिंती बाहेरून बघायच्या. कुटुंबांसाठी वेगळा भाग आहे हे मला माहीत आहे. तेवढ्यासाठी कलोनला कशाला? सई अकरा-बाराची झाली की ती स्वतःच मागे लागेल, तेव्हा तू ‘नको’ म्हणशील.

तर माझं म्हणणं असं. मेळा यंदा २३ ते २६ ऑक्टोबर आहे. गुरुवारी, २३ तारखेला, तू एकटा ये. सकाळी एसेनच्या मुख्य स्थानकावरून यू ११ धर, दिवसभर तुझी यादी संपव, एक टेबल सोडू नकोस. त्या दिवशी मुलांची आठवण काढली नाहीस तरी चालेल. संध्याकाळी रीजनल गाडीने अर्ध्या तासात माझ्याकडे. त्याच दिवशी भाऊबीज आहे हे तुझ्या रंगीत यादीत कुठेच नाही, म्हणून सांगते. ओवाळीन, जेवू घालीन. शुक्रवारी सकाळी आइंडहोवनला परत जा आणि दिवसभर मुलांकडे बघ, वृषालीला तेवढी मोकळीक दे. शनिवारी सगळे मिळून या, राहा, आणि रविवार मुलांचा. त्या दिवशी यादी तुझ्या खिशातही नको.

तिकिटं आज-उद्याकडे काढ, शनिवारची आधी संपतात पण रविवारच्याही भरवशावर राहू नकोस. आणि ओवाळणीत खेळाचं खोकं आणू नकोस. माझ्या कपाटात तू दिलेली अजून न फोडलेली पडली आहेत.

वृषालीला आणि मुलांना आशीर्वाद.

तुझी,
ताई