वाटाड्याच्या मागोमाग

बोर्निओ हे जगातील तिसऱ्या क्रमांकाचे मोठे बेट. मलेशिया, इंडोनेशिया आणि ब्रुनेई अशा तीन देशांत ते विभागलेले आहे. त्याच्या उत्तर टोकाशी, मलेशियाच्या साबा राज्यात, किनाबालू पर्वत उभा आहे. उंची ४,०९५ मीटर. आपले कळसूबाई १,६४६ मीटरचे. किनाबालूची चढण जिथे सुरू होते ते तिंपोहोन फाटकच १,८६६ मीटरवर आहे! घरी नकाशा पुढ्यात घेऊन आम्ही हा हिशेब मांडला, तेव्हाच आमच्यातील दोघांनी माघार घेतली. उरलो चौघे, सगळेच पन्नाशी ओलांडलेले.

या पर्वतावर एकट्यादुकट्याने जाता येत नाही. परवाना लागतो, तोही दररोज ठरावीक संख्येलाच मिळतो, आणि सोबत स्थानिक वाटाड्या असावाच लागतो. हे वाटाडे पायथ्याच्या गावांतील दुसून लोक. दुसून आणि त्यांचे भाऊबंद कादाझान यांच्यात कॅथलिकांची संख्या मोठी आहे. मिल हिल संस्थेचे मिशनरी १८८१ साली या भूमीवर आले. आमच्या वाटाड्याने फाटकाशी क्रुसाची खूण केली. पाठोपाठ आम्हीही केली, तेव्हा तो एकदम हसला. त्या क्षणापासून आम्ही त्याचे ‘अंकल’ आणि ‘आंटी’ झालो. (वसई काय किंवा बोर्निओ काय, या दोन शब्दांतून सुटका नाही.)

पहिल्या दिवशी सहा किलोमीटर चढायचे असते. वाट म्हणजे पायऱ्याच पायऱ्या. काही लाकडाच्या, काही दगडाच्या, काही झाडांच्या मुळांनीच रचलेल्या. अरण्य मात्र दर तासाला वेष बदलते. प्रारंभी ओक आणि चेस्टनटच्या कुळांतील उंच वृक्ष, मग शेवाळाने लपेटलेली ठेंगणी झाडे, आणि मग खुजी, वाऱ्याने पिळवटलेली खोडे. तीन हजार मीटरच्या अलीकडेपलीकडे माती पिवळसर झाली आणि वाटेच्या कडेला घटपर्णी दिसू लागली. काठावर दातांसारख्या कडा असलेले तिचे तांबूस घट आम्ही वाकवाकून पाहिले. तिची थोरली बहीण ‘राजा’ याच पर्वताच्या परिसरात वाढते. तिच्या घटात दोन लिटरहून अधिक पाणी मावते. तिची रीत ऐकून आम्ही थक्क झालो. खारीसारखा दिसणारा एक छोटा प्राणी घटावर बसून झाकणाचा गोड रस चाटतो आणि बसल्या जागी घटात विष्ठा टाकतो. निकस मातीत वाढणाऱ्या त्या वेलीला नत्र मिळतो तो यातून. घटाचे तोंड आणि झाकण यांतील अंतर त्या प्राण्याच्या मापाशी जुळते, हे संशोधकांनी मोजून दाखवले आहे. कीटक खाणारी म्हणून जिची ख्याती, तिचे पोषण असे चालते!

संध्याकाळी पनालबान येथे, ३,२७२ मीटरवर, मुक्काम झाला. आमच्यातील एका भगिनीला मळमळू लागले होते. वाटाड्याने तिच्याकडे क्षणभर निरखून पाहिले. “आंटी इथेच थांबतील,” तो म्हणाला. त्याने विचारले नव्हते, सांगितले होते.

मध्यरात्रीनंतर पाऊस लागला. अडीच वाजता निघायचे होते. वाटाडे ओसरीवर एकत्र जमले, आपसांत हलक्या आवाजात बोलले आणि कोणीच निघाले नाही. दुसऱ्या एका तुकडीतील प्रवासी संतापला. एवढे पैसे भरले, एवढ्या लांबून आलो, वगैरे वगैरे. आमच्या वाटाड्याने त्याला एकच उत्तर दिले, “दगड ओला आहे.”

त्या तीन शब्दांचा अर्थ आम्हांला वर गेल्यावर कळला. तीनच्या सुमारास पाऊस थांबला आणि आम्ही तिघे त्याच्या मागोमाग निघालो. झाडे संपली. पुढे उघडी ग्रॅनाइटची उतरण, एक जाड दोर आणि काळोख. उजाडल्यावर त्याने एका सुळक्याकडे बोट दाखवले. गाढवाचे कान म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जोडसुळक्यांपैकी एकाचा वरचा भाग नाहीसा झालेला होता. ५ जून २०१५ रोजी सकाळी भूकंप झाला आणि हा पर्वत थरथरला. दरडींखाली अठरा जणांचा मृत्यू झाला. त्यांत सिंगापूरहून आलेली शाळकरी मुले होती आणि वाटाडेही होते. वर अडकलेल्या १३७ जणांना धुक्यामुळे हेलिकॉप्टरची मदत मिळेना. तेव्हा वाटाड्यांनीच, दरडी कोसळत असताना, त्यांना पायी खाली आणले.

“मी त्या दिवशी खाली गावात होतो. माझा मित्र वर होता,” तो म्हणाला. आम्ही पुढे काही विचारले नाही.

दुसून परंपरेत हा पर्वत पूर्वजांच्या आत्म्यांचे विश्रामस्थान आहे. आपला वाटाडा तर मिस्सेला जाणारा, म्हणून आम्ही त्यावर त्याचे मत विचारले. “आजोबांनी सांगितले होते, वर ओरडायचे नाही,” तो उत्तरला. “मी ओरडत नाही.” आम्हीही शिखरावर हळूच बोललो.

त्या शिखराला ह्यू लो या इंग्रज अधिकाऱ्याचे नाव आहे. तो १८५१ साली या पर्वतावर चढला खरा, पण या सर्वोच्च टोकावर काही पोचला नाही. तिथवर पोचल्याची पहिली नोंद जॉन व्हाइटहेडची, १८८८ सालची. या साहेबांपुढे वाट काढत चाललेल्यांचे काय? पनालबानमधील एका विश्रामगृहाला गुंटिंग लगादान या जुन्या वाटाड्याचे नाव दिलेले होते, हे कळून बरे वाटले. शिखर एकाचे आणि निवारा दुसऱ्याचा, ही वाटणी आम्हांला मात्र रुचली नाही.

उतरताना गुडघ्यांनी आमची चांगलीच परीक्षा घेतली. एका वळणावर साधारण आमच्याच वयाची एक स्त्री समोरून चढत आली. पाठीवर गॅसचे सिलिंडर आणि त्यावर कोबीची पिशवी बांधलेली. पनालबानच्या स्वयंपाकघरात जे जे शिजते, ते असे माणसांच्या पाठीवरून जाते. आदल्या रात्रीचे आमचे गरम सूपही तसेच आले होते. आम्ही कठड्याला टेकून तिला वाट दिली. वर पाऊस आहे का, असे तिने आमच्या वाटाड्याला विचारले. थांबला, असे त्याने सांगितले. तिने पाठीवरचे ओझे सावरले आणि ती पुढच्या पायरीवर चढली.