कानोसा

आमचे अण्णा विहिरी खोदतात. सुरुंगाआधी पहार दगडावर आपटून ते आवाज ऐकतात आणि खाली फट आहे की अखंड काळा पाषाण, ते सांगतात. शाळेची पायरी त्यांनी चढलेली नाही.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघे जिंतूरहून एस. टी.ने औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला निघालो होतो. औंढ्याजवळ दुधाळ्याच्या शिवारात ‘लायगो’ वेधशाळा होणार आहे. (१९९९ पर्यंत हा मुलूख आपल्याच जिल्ह्यात होता!) २०२३ साली केंद्राने तिला सुमारे २६०० कोटी रुपये मंजूर केले. त्या आकड्यानेच अण्णांना बोलते केले.

“तिथं इंजिनेर काय करणार? दुर्बिणीतून बघत बसणार?”

मी म्हणालो, दुर्बीण नाहीच. काटकोनात दोन नळ्या, प्रत्येकी ४ किलोमीटर लांब. आतली हवा उपसायची, लेसरचा किरण सोडायचा. टोकाला ४० किलोचे आरसे, तेही काचेच्या बारीक तंतूंवर टांगलेले. दूर कुठे दोन कृष्णविवरे एकमेकांत विलीन झाली की अवकाशात तरंग उठतो आणि नळीची लांबी प्रोटॉनच्या हजाराव्या हिश्शाहूनही कमी बदलते. अमेरिकेतल्या अशा दोन वेधशाळांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिला तरंग टिपला. तो सुमारे १३० कोटी वर्षे वाटेत होता. इंजिनिअरने करायचे काय, तर बाकीची थरथर आरशापर्यंत पोचू द्यायची नाही. रस्त्यावरचा ट्रक, वारा, दूरच्या समुद्राच्या लाटासुद्धा. नळीला बारीकशी गळती लागली तर ती हुडकायची.

“म्हंजे कानोसा घ्यायचा.”

मी चार पुस्तके चाळून जे जमवले होते, ते त्यांना एका शब्दात सापडले. मला हेवाच वाटला. पण लगेच ते म्हणाले, “तुला लागंल का तिथं?”

बारावीला मी विज्ञान शाखेत होतो. भौतिकशास्त्रातच नापास झालो, पुन्हा परीक्षा दिली आणि गुपचूप बी. ए.ला नाव घातले. अण्णा मात्र पारावर सांगतात, पोरगं परभणीला इंजिनेर व्हायलंय. मी कधी दुरुस्त केले नाही.

“अण्णा, मी इंजिनिअर होणार नाही. मी मराठी घेऊन बी. ए. करतोय.”

गाडीचा खडखडाट मोठा होता, तरी त्यांनी ऐकले. हातातल्या तिकिटाची घडी केली, उलगडली, पुन्हा केली.

“दोन साल झाले. सांगायचं न्हाई का?”

गाडी औंढ्याच्या स्टँडात शिरेपर्यंत मला उत्तर सुचले नाही.