सुटाचे माप

येत्या मार्गशीर्षात मुलीचे लग्न आहे. व्याह्यांकडून निरोप आला की स्वागतसमारंभात मुलाकडचे सर्व पुरुष सूट घालणार आहेत, तेव्हा आपणही घालावा. तीस वर्षांच्या नोकरीत मी सूट फार थोड्या वेळा घातला. एक काळा बंदगळा शिवून घेतला होता. 26 जानेवारी, 15 ऑगस्ट आणि दिल्लीहून येणारे वरिष्ठ यांच्यापुरता तो पुरला. आता तो पोटावर बसत नाही. म्हणून मुंबईत एका मोठ्या दुकानात गेलो. तिथल्या मुलाने टेप न लावताच, नुसते पाहून, "सर, बेचाळीस" असे सांगितले. कोट चढवला, छातीत बसला. पँट मात्र कमरेला चार इंच कमी!

तयार सुटांचा हिशोब असा असतो की छातीच्या मापापेक्षा कंबर साधारण सहा इंचांनी कमी धरायची. बेचाळीस छातीला छत्तीस कंबर. हा हिशोब कोणत्या तरी तरुण, व्यायाम करणाऱ्या युरोपीय माणसावरून बसवलेला असणार. माझ्यासारख्या पन्नाशी ओलांडलेल्या, दिवसाचे नऊ तास खुर्चीत बसून फायली पाहणाऱ्या माणसाची छाती आणि कंबर यांत सहा इंचांचे अंतर राहिलेले नसते. आपल्या देशात स्वतःची अशी मापेच नाहीत, आपण अमेरिका-इंग्लंडची मापे उसनी घेतो, ही गोष्ट वस्त्रोद्योग मंत्रालयाच्याही लक्षात आली होती. त्यातूनच 2018 साली 'इंडिया साइझ' हा प्रकल्प जाहीर झाला. 'निफ्ट'ने सहा शहरांतल्या पंचवीस हजार स्त्री-पुरुषांची मापे त्रिमितीय स्कॅनरने घ्यायची, असा तो बेत. मुंबई, दिल्ली, कोलकाता, हैदराबाद, बंगळुरू आणि शिलाँग ही ती शहरे. झाशी त्यांत नव्हती. पण झाशीत माझे माप सोळा वर्षांपूर्वीच एका माणसाने घेऊन ठेवले होते. म्हणून कार्यालयीन दौऱ्याच्या निमित्ताने झाशीला जाणे झाले, तेव्हा संध्याकाळी मी प्रेमनगर गाठले.

मराठी माणसाला झाशी म्हटले की किल्ला आठवतो, राणीचा महाल आठवतो, आणि जाणकाराला नेवाळकरांच्या काळापासून तिथे राहिलेली मराठी घरेही आठवतात. प्रेमनगर हे त्या झाशीपासून वेगळे, रेल्वेच्या झाशीचे गाव आहे. रेल्वेची माणसे, निवृत्त फिटर, गार्ड, त्यांची मुले, आणि त्यांच्यावर चालणारी दुकाने. 2009 साली माझी नेमणूक झाशीत होती. तिथल्या एका सहकाऱ्याने मला या शिंप्याकडे नेले. सगळे त्यांना मास्टरजी म्हणत. दुकान दहा बाय बारा, दोन मशिने, एक कापायचे टेबल, आणि भिंतीवर आरसा. मास्टरजींनी टेप गळ्यात तशीच ठेवली आणि म्हणाले, "साहब, पहले खड़े तो हो जाइए." मी ताठ उभा राहिलो, पोट आत घेतले. ते थांबले. पाच मिनिटे इकडचे तिकडचे बोलत राहिले, पाऊस, रेल्वे, माझे गाव. मी सैल पडलो तेव्हा कुठे टेप काढली. पुढे म्हणाले की माप घेताना माणूस जसा उभा राहतो तसा तो पुन्हा आयुष्यात कधी उभा राहत नाही.

त्या दिवसांत मी त्यांच्याकडून जे शिकलो ते इथे नमूद करावेसे वाटते, कारण आपल्याकडे सूट हा बहुधा लग्नाच्या आठ दिवस आधी, गडबडीत, रंग पाहून घेतला जातो.

रंग शेवटी पाहावा. आधी खांदा. खांद्याची शिवण जिथे आपले हाड संपते तिथेच संपली पाहिजे. भिंतीला कडेने टेकून उभे राहा. दंडाच्या आधी कोटाचा खांदा भिंतीला लागला तर कोट मोठा. कंबर आत घेता येते, बाही आखूड करता येते, पँट तर कुणीही सुधारतो. पण खांदा चुकला की कोट उसवून नव्याने शिवण्यासारखेच होते, आणि चांगला शिंपी त्याला हात लावत नाही. मग कॉलर. मानेमागे कोटाची कॉलर शर्टाच्या कॉलरला चिकटून असावी, मध्ये बोट जाईल इतकी फट दिसू नये, आणि शर्टाची कॉलर अर्धा इंच वर दिसावी. बटण लावल्यावर पोटावर फुलीसारख्या चुण्या पडल्या तर कोट तंग. बाहीतून शर्टाचा कफ पाव ते अर्धा इंच दिसावा. सर्वांत खालचे बटण लावायचे नसते. हे आपल्याकडील निम्म्या वरांना कुणी सांगतच नाही.

मला सर्वांत नवल वाटले ते मुंढ्याचे. माझी समजूत अशी की मुंढा जितका सैल तितका हात मोकळा. प्रत्यक्षात उलट आहे. मुंढा खाली उतरलेला असेल तर हात वर करताच सगळा कोट वर उचलला जातो. मुंढा काखेजवळ असेल तर फक्त बाही हलते. मास्टरजींनी मला टेबलाशी बसवले, हातात पेन दिले आणि सही करायला लावली. म्हणाले, तुमचे काम हेच ना? मग बसूनच पाहायला हवे. त्यानंतर मी कितीतरी अधिकाऱ्यांना भाषणाच्या वेळी कोटासकट खांदे उचलताना पाहिले आहे.

कापडाविषयी थोडेसे. दुकानदार 'सुपर हंड्रेड', 'सुपर वन-ट्वेंटी' असे आकडे सांगतात. हा आकडा लोकरीच्या तंतूच्या बारीकपणाचा असतो. शंभर म्हणजे तंतू जास्तीत जास्त 18.75 मायक्रॉन जाड. आकडा वाढला की कापड मऊ होते, टिकाऊ होते असे नव्हे. बुंदेलखंडातल्या किंवा विदर्भातल्या माणसाने आकड्यापेक्षा वजन विचारावे, मीटरला अडीचशे ग्रॅमच्या आसपास. आणि एक अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याची टीप: सप्टेंबर 2025 पासून अडीच हजारांवरच्या तयार कपड्यांवर जीएसटी 18 टक्के झाला, कापडावर मात्र 5 टक्केच आहे. म्हणजे सव्वातीन मीटर कापड घेऊन शिंप्याकडे जाणाऱ्यालाच सरकार सध्या किंचित झुकते माप देत आहे.

असो. ज्या गोष्टीसाठी हे लिहायला घेतले ती वेगळीच आहे.

2009 मध्ये माझ्याकडे एक विभागीय चौकशी होती. कोणते कार्यालय, काय आरोप, ते सांगण्याचे कारण नाही. रक्कम मोठी नव्हती. चौकशी अधिकारी मी होतो. ज्याच्यावर आरोप होते तो कर्मचारी प्रत्येक सुनावणीला तपकिरी कोट घालून येई. कोट त्याला दोन मापांनी मोठा. खांदे दंडावर उतरलेले, बाह्या तळहातापर्यंत. हजेरीवर सही करताना तो आधी डाव्या हाताने उजवी बाही वर सारी. पहिल्याच दिवशी माझ्या मनात आले की याने कुणाचा तरी कोट मागून आणला आहे, आपल्यापुढे प्रतिष्ठित दिसण्यासाठी. कार्यालयाची बाजू मांडणारा अधिकारीही माझ्याकडे पाहून किंचित हसला, आणि मी, खरे सांगायचे तर, परत हसलो. पुढे त्याची उत्तरे अडखळत आली की मला ती त्या कोटासारखीच वाटत. अहवालाच्या कच्च्या मसुद्यात मी एक वाक्य लिहिले होते की साक्षीच्या वेळचे त्याचे एकंदर वर्तन विश्वासार्ह वाटत नाही.

त्याच आठवड्यात बंदगळ्याच्या दुसऱ्या ट्रायलसाठी प्रेमनगरला गेलो. तो दुकानातून बाहेर पडत होता, तपकिरी कोट घडी करून हातावर घेतलेला. मला पाहून त्याने नमस्कार केला आणि झटकन निघून गेला. मास्टरजींना आमचा संबंध ठाऊक नव्हता. ते आपणहून म्हणाले, "हा कोट मीच शिवला होता, याच्या लग्नात. तेव्हा काय खांदे होते! दीड वर्षापासून आजारी आहे, तीन मापे उतरला. दोनदा बाजूने आत घेतला. आज पुन्हा म्हणतो, खांदा घ्या. खांदा कसा घेणार?" आणि मग माझ्या बाहीला टाचण्या लावू लागले.

कोट उसना नव्हता.

त्या रात्री मी मसुदा काढून ते वाक्य खोडले. ते खोडल्यावर उरलेला अहवाल पुन्हा वाचला, तेव्हा ध्यानात आले की आणखी दोन ठिकाणी, जिथे कागद दोन्ही बाजूंनी बोलत होते, तिथे मी त्या एका वाक्याच्या आधारावर एकच बाजू घेतली होती. ती दोन्ही कलमे नव्याने लिहिली. एक आरोप सिद्ध झाला, कारण कागदावर त्याची सहीच होती, दुसरा नाही. शिक्षा किरकोळ झाली. त्याला मी कधी काही बोललो नाही. चौकशी अधिकाऱ्याने बोलूही नये. पण मास्टरजींकडे मी बंदगळा एक आठवडा उशिरा न्यायला गेलो असतो तर काय झाले असते, हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही.

ॲडम स्मिथने 1776 साली लिहिले आहे की त्याच्या काळातला साधा मजूरसुद्धा तागाच्या शर्टाशिवाय चारचौघांत यायला लाजेल, जरी ग्रीक आणि रोमन लोक त्याशिवाय सुखाने जगले असतील. गरज म्हणजे काय हे समाज ठरवतो, हा त्याचा मुद्दा. अमर्त्य सेन यांनी तो पुढे नेला. एम.ए.ला मी तो परीक्षेसाठी पाठ केला होता. पण 1993 साली धौलपूर हाऊसमध्ये मुलाखतीला गेलो तो मामांचा कोट घालून. मामा माझ्याहून अर्धा फूट उंच. तिथे बाकावर बसलेलो असताना मीही बाही वर सारत होतो. माझा कोट खरोखरच उसना होता, आणि तरी मंडळाने मला घेतले! ही गोष्ट मला 2009 साली त्या माणसाकडे पाहताना आठवायला हवी होती.

कपडा माणसाविषयी काही सांगत नाही असे मात्र मी म्हणणार नाही. 1931 च्या गोलमेज परिषदेत गांधीजी पंचा नेसून होते आणि डॉ. आंबेडकर सुटात, दोघेही बॅरिस्टर, दोघांनीही आपला वेश विचार करून निवडलेला. ज्यांच्या वाडवडिलांना धड कपडा घालण्याचीही मनाई होती, त्यांच्यासाठी बाबासाहेबांचा नीट बसणारा सूट काय होता हे महाराष्ट्रात वेगळे सांगायला नको. म्हणून 'सूट ही साहेबी गुलामगिरी' असे सरसकट म्हणणाऱ्यांशी माझे पटत नाही. जूनमध्ये झाशीत पंचेचाळीस अंशांवर कोट घालायला लावणे हा मात्र निव्वळ वेडेपणा. जपानने 2005 मध्ये 'कूल बिझ' मोहीम काढून उन्हाळ्यात कोट-टाय उतरवले आणि वातानुकूलन 28 अंशांवर ठेवले. बांगलादेशाने 2009 मध्ये वीज वाचवण्यासाठी सरकारी अधिकाऱ्यांना सूट घालू नका असे सांगितले.

आणि गणवेश? आमच्या शिपायांना, ट्रॅकवर काम करणाऱ्यांना पूर्वी कापड किंवा तयार गणवेश मिळे. भांडारात जे माप असेल ते. कितीतरी वर्षे मी पट्ट्याने आवळलेल्या विजारी पाहिल्या आणि त्यात काही चुकते आहे असे मला वाटले नाही. सातव्या वेतन आयोगानंतर 2017 मध्ये त्याऐवजी रोख पोशाख भत्ता आला, ट्रॅकमनसाठी वर्षाला 5,000 रुपये. वस्तू द्यावी की रोख, यावर अर्थशास्त्रात भरपूर वाद आहेत. मास्टरजींच्या दुकानात त्या वादाचे उत्तर खुंट्यांवर टांगलेले दिसले: एकाच रंगाचे सात-आठ शर्ट, प्रत्येकाच्या कॉलरला नावाची चिठ्ठी, आणि दोन सारखे नाहीत.

मास्टरजी आता थकले आहेत. कापण्याचे काम मुलगा करतो, माप मात्र तेच घेतात. वही काढली, 2009 चे पान उघडले, माझे जुने आकडे वाचले आणि हसले. "कंबर पाच इंच वाढली, साहेब. खांदा तोच आहे." मी गडद निळे कापड नेले होते, साधे, पट्टे नसलेले. बंदगळाही बरोबर होता. तो त्यांनी आतून उलटा केला, दोन्ही बाजूंच्या शिवणी बोटाने चाचपल्या. आपल्याकडे शिवणीत सोडलेल्या जादा कापडाला माया म्हणतात; त्यांनी त्या वेळी प्रत्येक बाजूला दीड इंच माया ठेवली होती. तेवढ्यात पोट बसेल का, असे मी विचारले. "तीन इंच तरी मिळतील," ते म्हणाले, "उरलेले दोन तुम्ही कमी करा."

त्या तपकिरी कोटाच्या माणसाविषयी मी निघताना विचारले. त्यांनी क्षणभर आठवून पाहिले. बरा झाला म्हणाले, निवृत्त होऊन मुलाकडे गेला. कोट? तो त्याने मुलासाठी ठेवला आहे. मुलाचे खांदे बापासारखे आहेत.

ट्रायल पुढच्या शुक्रवारी आहे. पुन्हा झाशीला जावे लागेल, या वेळी स्वतःच्या खर्चाने.