"सर, फाईल अंडररायटिंगला आहे"

बाबा ६७ वर्षांचे. बीपीची एक गोळी, बाकी रोज सकाळी कमला नेहरू पार्कात चार फेऱ्या. मी गेल्या वर्षी नोकरी बदलली आणि जुन्या कंपनीचा ग्रुप विमा गेला. नव्या कंपनीच्या विम्यात आईवडील बसत नाहीत. म्हणून त्यांच्यासाठी वेगळ्या आरोग्य विम्याचा अर्ज केला.

आधी डॉक्टरांचा फोन, मग रक्त-लघवी, ईसीजी. दहा दिवसांनी मेल आला, टू-डी इको हवा. दिला. मग २०१८ च्या मुतखड्याचं डिस्चार्ज कार्ड हवं. माळ्यावरच्या ट्रंकेत सापडलं, तेही दिलं. फोन केला की एकच उत्तर, "सर, फाईल अंडररायटिंगला आहे."

नियम नाहीत असं नाही. आयआरडीएआयच्या २०१७ च्या नियमांतच १५ दिवसांत निर्णय कळवायचा असं होतं. पण मोजायचं कधीपासून? प्रस्ताव किंवा मागवलेली माहिती मिळाल्यापासून. म्हणजे नवा कागद मागितला की मोजणी पुन्हा एकपासून. मी सगळे मेल काढून तारखा मांडल्या. एकही टप्पा १५ दिवसांच्या वर गेला नव्हता, आणि एकूण दिवस झाले होते ४७!

खरी गोष्ट पुढे आहे. त्याच दिवसांत आईने हळूच सांगितलं, "जिना चढताना ह्यांच्या छातीत भरल्यासारखं होतंय. तुला सांगू नको म्हणालेत." मी चिडलो. बाबा शांतपणे म्हणाले, "आत्ता डॉक्टरकडे गेलो तर कागदावर येईल. पॉलिसी हातात पडू दे, मग जाऊ."

त्याच संध्याकाळी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. निदान पित्ताचं निघालं, सुटलो. कंपनीला कळवलं, कारण लपवलेलं पुढे क्लेमच्या वेळी अंगाशी येतं. अर्थात मोजणी परत एकपासून.

मंडळी, कंपनीने तपासण्या करूच नयेत असं माझं म्हणणं नाही. जोखीम बघूनच ते विमा देणार. पण लागणारे कागद एकदाच, एका यादीत मागा. आणि मुदत अर्जापासून शेवटच्या निर्णयापर्यंत एकूण दिवसांची ठेवा. १ एप्रिल २०२४ पासून नव्या पॉलिसीसाठीची ६५ वर्षांची मर्यादा निघाली, चांगलंच झालं. पण आत घ्यायचं म्हणून म्हाताऱ्या माणसाला दारात ताटकळत ठेवलं, तर तो तेवढे दिवस आजार दाबून बसतो. हे कुठल्याच तक्त्यात दिसत नाही.

तुमच्या घरी ही वेळ असेल तर तीन गोष्टी करा. जुने डिस्चार्ज कार्ड, रिपोर्ट अर्जाआधीच शोधून ठेवा. प्रत्येक मागणी मेलवरच घ्या, म्हणजे तारखा हाताशी राहतात. उशीर झाला तर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा, तिथे दाद लागली नाही तर 'बिमा भरोसा' पोर्टलवर जा. आणि घरातल्या ज्येष्ठांना रोज विचारा, खरंच बरं आहे ना?

पॉलिसी शेवटी आली, लोडिंग लावून. बीपीशी संबंधित आजारांसाठी ३६ महिने थांबायचंय. तोवर बाबा सत्तरचे होतील आणि सरकारचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढता येईल, ज्यात जुन्या आजारांसाठी थांबावं लागत नाही. बाबा म्हणाले, "तोपर्यंत आजारी पडायचं नाही, एवढंच ना?"

हसले ते. मला हसता आलं नाही.