भात्याचं वाद्य

आमच्या घरातली पेटी भजनाची. वडील उजव्या हातानं वाजवत, डाव्यानं भाता मारत. पुढे गणपतीतल्या ऑर्केस्ट्रात छातीवर अडकवलेलं अकॉर्डियन पाहिलं, पुण्याच्या इनॉक डॅनियल्स यांच्या तबकड्या ऐकल्या. हे वाद्य सिनेमातच शोभतं, गावच्या जत्रेत नाही, असं तेव्हा वाटायचं.

मग एका मित्रानं केपा जुंकेराची १९९८ची ‘बिलबाओ ००:००’ ही सीडी हातात ठेवली. हा उत्तर स्पेनच्या बास्क मुलखातला माणूस, १९६५ साली बिलबाओत जन्मलेला. त्याचं वाद्य त्रिकितिशा, म्हणजे लहानसं, बटणांचं अकॉर्डियन. पेटीत पट्टी दाबली की सूर ठरलेला. इथं एकाच बटणातून भाता दाबताना एक सूर निघतो, ओढताना दुसरा. त्यामुळे सुरावट वाजवायची तर भात्याची दिशा सतत बदलावी लागते आणि त्या झटक्यांतूनच नाच उभा राहतो. सोबतीला पांदेरो, म्हणजे डफलीसारखं झांजा लावलेलं वाद्य.

हे ‘अस्सल बास्क’ वाद्य मुळात उपरं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते तिथं पोचलं. रेल्वेच्या कामावरच्या इटालियन मजुरांनी आणलं असं सांगतात. त्याच्या तालावर मुलंमुली एकमेकांना धरून नाचू लागली, तेव्हा पाद्र्यांनी त्याला ‘नरकाचा भाता’ ठरवलं. आपल्या पेटीलाही १९४० ते १९७१ आकाशवाणीनं दार बंद ठेवलं होतं. भजनी मंडळांना त्याची फिकीर नव्हती, ही गोष्ट वेगळी.

म्हणूनच जुंकेरानं बेला फ्लेकचा बँजो किंवा मादागास्करच्या जस्टिन वालीचं तंतुवाद्य शेजारी बसवलं, यात मला परंपराभंग दिसत नाही. जी परंपरा परक्या मजुरांच्या हातून आली, तिनं परक्यांचं वावडं का मानावं? शिवाय नव्या श्रोत्यांसाठी त्यानं वाद्याचा हट्टी, धापा टाकणारा वेग मवाळ केला नाही. लाकडी फळ्यांवर दोघांनी मिळून ठोकायचा चालापार्ता सुरू असतो आणि त्याच्या खाचांमध्ये भाता घुसतो, तिथं मी आजही आवाज वाढवतो.

२०१८च्या अखेरीस त्याला ब्रेन स्ट्रोकचा तडाखा बसला. त्याआधी, २००४मध्ये, ‘के’ या अल्बमला लॅटिन ग्रॅमी मिळालं होतं. मिळो बापडं, माझं मत अजूनही ‘बिलबाओ’लाच.