पाचशे कोटींचं वटवाघूळ

रावणाची दहा तोंडं दाखवायला कॉम्प्युटर लागतो, मान्य. पण रावण दाखवायला? तिथं गोष्टच लागते राजेहो.

'आदिपुरुष' १६ जून २०२३ ला आला. दिग्दर्शक आपले मराठी ओम राऊत, संगीत अजय-अतुल, बजरंग झाले देवदत्त नागे. खर्चाच्या बातम्या ५०० कोटींच्या. आधीच्या ऑक्टोबरात टीझर आला तेव्हा लोकांनी कार्टून म्हणून टर उडवली. जानेवारीची तारीख पुढं गेली, व्हीएफएक्सवर पुन्हा काम झालं. गोष्टीवर झालेलं काही दिसलं नाही. लागल्यावर संवादांवरून ओरड झाली, मग तेही बदलावे लागले. पहिले तीन दिवस गर्दी, नंतर ओसरली.

पुतण्याला घेऊन गेलो होतो. बाहेर आल्यावर विचारलं, "सीता काऊन रडत होती रे?" तो म्हणे, "काका, रावणाचं वटवाघूळ केवढं मोठं होतं!" पोराची चूक नाही. त्याला जे दाखवलं तेच त्यानं पाहिलं.

याच राऊतांचा 'तान्हाजी' (२०२०) आठवा. तिथंही कॉम्प्युटरची करामत भरपूर होती. पण पोराचं लग्न बाजूला ठेवून निघालेला बाप आपल्याला कळला होता, म्हणून तो कडा उंच वाटला. प्रभातच्या 'संत तुकाराम'मध्ये (१९३६) विमान येते, पण जीव अडकतो तो मागं राहिलेल्या जिजाईत. रामानंद सागरांच्या रामायणातले हवेत भिडणारे बाण आज पाहून हसू येते, तरी २०२० च्या लॉकडाऊनमध्ये घरोघरी लोक टीव्हीपुढं बसलेच ना?

लांब कशाला, आपल्या मेळघाटात पाहा. होळीनंतर कोरकू बांधव खांब रोवून मेघनाथाला पूजतात. रावणाचा पोरगा त्यांच्यासाठी देव. एवढी मोठी गोष्ट एका लाकडी खांबावर उभी आहे. पडद्यावरचा इंद्रजित मात्र विजेसारखा पळाला अन् विसरलाही गेला.

आता नितेश तिवारींचं दोन भागांचं 'रामायण' जाहीर झालंय, पहिला भाग दिवाळी २०२६ ला. खर्च याहून मोठा सांगतात. चांगलं व्हावं हीच इच्छा. पण आम्ही रामायण आधी आजीच्या तोंडून ऐकलं, मग पडद्यावर पाहिलं. या पोरांची पहिली भेटच पडद्यावर होते. तिथं गोष्ट नसली तर त्यांच्याजवळ फक्त वटवाघूळ उरते.

तिकीट जरूर काढा. पण त्याच्या आधी चार रात्री पोरांना घरी गोष्ट सांगा. फुकट आहे.