छूफूचे कलते भांडे

इतिहासाचे एक प्राध्यापक गप्पांच्या ओघात म्हणाले, ‘कन्फ्यूशियसचा मध्यम मार्ग म्हणजे कुणालाच न दुखावण्याची युक्ती.’ कॉलेजात असल्यापासून ज्याला वाचत आलो, त्याच्याबद्दलचे हे वाक्य मला सलत राहिले. त्याच तिरमिरीत बीजिंगहून शांघायकडे जाणारी गाडी पकडून कन्फ्यूशियसच्या गावी, छूफूला उतरलो.

हॉटेलची खोली कुबट आणि गाइड भलताच घायकुता. कन्फ्यूशियसच्या मंदिराच्या मुख्य दालनापुढचे ड्रॅगन कोरलेले दहा दगडी खांब त्याने मिनिटभरात उरकले. मलाही तिथे रेंगाळायचे नव्हते. छूफू ही प्राचीन लू राज्याची राजधानी. इथल्या ह्वान राजाच्या देवळात कन्फ्यूशियसने एक भांडे पाहिले, अशी कथा शुन्झ या त्याच्याच परंपरेतल्या विचारवंताच्या ग्रंथात आहे. रिकामे असले की ते कलायचे, निम्मे भरले की सरळ उभे राहायचे, काठोकाठ भरले की उलटायचे. त्याने शिष्यांना पाणी ओतायला लावून खात्री करून घेतली. भरलेपण सांभाळायचे कसे, असे एका शिष्याने विचारले. त्यावर तो बोलला ते शहाण्याने भोळेपणाने, बलवानाने भिऊन आणि श्रीमंताने नम्रतेने राहण्याबद्दल. ज्याच्यापाशी जास्त, त्याने जास्त आवरायचे. यात कुणाची मर्जी राखणे कुठे आले?

रात्री प्राध्यापकांना फोन लावला. ते हटले नाहीत. कन्फ्यूशियसच्या नातवाच्या नावावर असलेला मध्यम मार्गाचा ग्रंथ १३१३च्या फर्मानाने सरकारी परीक्षांना लागला, त्यातून हुकमाचे ताबेदार अधिकारी घडले, १९०५ साली त्या परीक्षाच बंद झाल्या. मुद्दा वजनदार होता. मला झोप लागली नाही.

सकाळी कन्फ्यूशियसचा विचार पुढे नेणाऱ्या मेन्शियसच्या गावी, झोउचंगला गेलो. प्रसंग न तोलता मधोमध अडून बसणाऱ्यालाही मेन्शियस एकांगीच ठरवतो. परपुरुषाने स्त्रीच्या हाताला स्पर्श करू नये, हा त्या काळचा रिवाज. पण वहिनी बुडत असेल तर हात द्यायलाच हवा, न देणारा लांडगा, असे तो स्पष्ट बजावतो. स्वतः कन्फ्यूशियसने तर गावात सगळ्यांशी गोड राहणाऱ्या भल्या माणसाला सद्गुणाचा चोर म्हटले आहे.

परीक्षांनी त्या ग्रंथाचे काय केले, ते प्राध्यापकांनी बरोबर सांगितले. पण तो दोष परीक्षा घेणाऱ्या दरबारांचा. कन्फ्यूशियसवर तो लादणे मला मान्य नाही.